नापिकीत आणि तेजीत : यवतमाळ जिल्ह्यातील एका ख्रिस्ती शेतकऱ्याचे प्रकरण

ख्रिस्ताने आपल्याला विपुल जीवन देण्याचे वचन दिले आहे, असे आपण मंडळीत नेहमी शिकवतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तो स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो आणि मेंढरांना जीवन मिळावे, तेही भरपूर मिळावे, म्हणून आपण आलो आहोत असे सांगतो. कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या आणि डोक्यावर सावकाराचे कर्ज असणाऱ्या माणसाच्या घरात या वचनाचा नेमका अर्थ काय होतो, हा प्रश्न गावोगावी सेवा करणाऱ्या प्रत्येक पाळकापुढे कधी ना कधी येतो. पुढील प्रकरण त्या प्रश्नाचे आहे. कुटुंबाच्या संमतीने ते लिहिले असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे.

भाऊंच्या घरात ख्रिस्ती विश्वास तीन पिढ्यांचा आहे. त्यांचे आजोबा छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, आईबापाविना राहिले आणि मिशनच्या अनाथालयात वाढले. वऱ्हाडातील कितीतरी ख्रिस्ती घराण्यांची सुरुवात त्या दुष्काळातल्या अनाथालयांत झाली आहे. वडील यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत माळीकाम करत असत. १९५३ साली यवतमाळात सुरू झालेली ही संस्था १९८३ मध्ये पुण्याला गेली, तेव्हा वडील गावी परतले आणि साठवलेल्या पैशातून घेतलेल्या पाच एकरांवर शेती करू लागले. भाऊंचा बाप्तिस्मा, लग्न, मुलांची नावे या सगळ्याची नोंद मंडळीच्या रजिस्टरात आहे. त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर विश्वास हा त्यांना सातबारासारखा वारशाने मिळाला होता, आणि सातबारा जसा पेटीत पडून असतो तसाच तोही पडून होता. नाताळ, गुड फ्रायडे, कापणीचा सण आणि अधूनमधून रविवार, एवढाच त्यांचा देवाशी व्यवहार होता.

२०१७ हे वर्ष या प्रकरणाच्या मुळाशी आहे. त्या उन्हाळ्यात जवळच्या तालुक्याच्या गावी एक मोठी चंगाई सभा, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थना करण्याची सभा, झाली. बाहेरून आलेल्या वक्त्याने तीन दिवस एकच गोष्ट सांगितली : देवाच्या कामात पैसा पेरा, तो शंभरपट उगवून येईल. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या कर्जाखाली दबलेल्या भाऊंना शेतीची ही भाषा लगेच पटली. त्यांनी सावकाराकडून दहा हजार रुपये उचलले आणि दानपेटीत टाकले. घरी कोणाला सांगितले नाही.

त्या वर्षी विदर्भात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. अळीला रोखण्यासाठी बनवलेल्या बीटी बियाण्यालाही न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुले उमलण्याऐवजी मिटून राहू लागली, त्यांच्या डोमकळ्या झाल्या. बाहेरून भरलेले, हिरवेगार दिसणारे बोंड फोडले की आत सरकी पोखरलेली, धागा पिवळट पडलेला आणि कोपऱ्यात बोटाच्या पेराहूनही लहान गुलाबी अळी बसलेली, असे चित्र वावरभर होते. भाऊंच्या तीन एकरांत बऱ्या वर्षी पंधरा-सोळा क्विंटल कापूस होत असे. त्या साली सात क्विंटल झाला आणि त्यातही बराच कवडी, म्हणजे किडका, निघाला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ४३२० रुपये होता, पण कवडीला हमीभाव कोण देणार? वेचणीची मजुरी आणि फवारणीचा खर्च वजा करता हातात काही राहिले नाही.

कर्जाचा हिशेब असा होता : बँकेचे थकीत पीककर्ज ८०,००० रुपये, कृषी केंद्राची उधारी ४६,००० आणि खासगी सावकाराचे १,२०,०००. सावकाराचा दर शेकडा पाच रुपये महिना होता, म्हणजे नुसत्या व्याजापोटी महिन्याला सहा हजार. बँकेचे कर्ज राज्य सरकारच्या २०१७ च्या कर्जमाफीत बसले आणि काही महिन्यांनी माफ झाले. ही मोठी मदत होती आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु या प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाची नोंद अशी की माफीचा संदेश मोबाइलवर आला त्या दिवशीही भाऊंनी घरात कोणाला काही सांगितले नाही, कारण कर्ज किती होते हेच घरात कोणाला माहीत नव्हते.

त्यांनी मंडळीत येणे थांबवले. डिसेंबरात कापणीचा सण झाला. लोकांनी ज्वारी, तूर, कोहळे, कोंबड्या असे जमेल ते आणले आणि त्यांचा लिलाव झाला. भाऊ त्या दिवशी मंदिराच्या कंपाउंडबाहेर मोटारसायकलवर बसून होते. कोणीतरी बाहेर जाऊन आत चला म्हणाले, तर कोणीतरी दुसऱ्याने, कदाचित चांगल्या हेतूने, विश्वास कमी पडला की असे होते हेही ऐकवले. तिथे उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाने ते वाक्य ऐकले. त्याचा परिणाम पुढे येतो.

पाळकांना परिस्थितीची कल्पना भाऊंच्या पत्नीने दिली. रात्री उठून वावरात जातात, कोठ्यात (गुरांच्या गोठ्यात) एकटे बसून राहतात, जेवत नाहीत, बोलत नाहीत, एवढेच त्या सांगू शकल्या. पाळक दुसऱ्याच दिवशी घरी गेले. त्या पहिल्या भेटीत त्यांनी वचन वाचले नाही आणि लांब प्रार्थनाही केली नाही. घरातली फवारणीची सर्व औषधे पत्नीच्या मदतीने काढून शेजाऱ्याच्या कुलूपबंद खोलीत ठेवायला लावली आणि भाऊंना त्याच आठवड्यात सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशकाकडे स्वतः घेऊन गेले. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्याचा प्रेरणा प्रकल्प विदर्भात काही वर्षांपासून सुरू होता, त्यामुळे तिथे ऐकणारे माणूस मिळाले. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. आपल्यातील काही सेवक असा माणूस दिसला की उपवास-प्रार्थनेची साखळी सुरू करतात आणि दवाखान्याचे नाव काढणे म्हणजे अविश्वास समजतात. जीव धोक्यात असलेल्या माणसाला डॉक्टरकडे नेणे हे प्रेमाचे पहिले काम आहे. प्रार्थना वाटेतही करता येते, आणि पाळकांनी ती केली.

त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी पाळक भाऊंच्या घरी जाऊ लागले. तिसऱ्या की चौथ्या भेटीत भाऊ प्रथमच मोकळे झाले.

“साहेब, प्रभूनं मायं काऊन नाही ऐकलं? मी तं पेरलं होतं.”

पाळकांनी उत्तर देण्याऐवजी स्तोत्रसंहितेतले तेरावे स्तोत्र उघडले. ‘किती काळ’ असे देवाला पुनःपुन्हा विचारणारे ते स्तोत्र आहे. हे असे बायबलात लिहिले आहे यावर भाऊंचा विश्वास बसेना. त्यांनी पुस्तक स्वतःच्या हातात घेऊन वाचले. देवाकडे तक्रार करणे म्हणजे देवाला सोडणे असे ते समजत आले होते. तक्रार करणाऱ्याचे शब्द देवाने आपल्या वचनात जपून ठेवले आहेत, हे त्यांना त्या संध्याकाळी प्रथम कळले.

शंभरपटीचा प्रश्न त्याच्या पुढच्या गुरुवारी निघाला. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशूने आपल्यासाठी घरदार सोडणाऱ्यांना शंभरपट मिळेल असे म्हटले आहे खरे, पण त्याच वाक्यात, त्या देणग्यांच्या यादीतच, छळही आहे. चौथ्या अध्यायातल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात तीसपट, साठपट, शंभरपट पीक येते ते वचनाचे, नोटांचे नव्हे. ज्या वक्त्याने ही दोन्ही स्थळे कर्जबाजारी शेतकऱ्यांपुढे अर्धवट वाचली त्याने घोर अन्याय केला, असे माझे स्पष्ट मत आहे. भाऊंचे नुकसान दहा हजारांपुरते राहिले नाही. पीक बुडाल्यावर त्यांच्यापुढे दोनच निष्कर्ष उरले : देव नाही, किंवा देव आहे पण मला टाकून दिले आहे. दोन्हींपैकी कोणताही निष्कर्ष माणसाला रात्री कोठ्यात नेऊन बसवण्यास पुरेसा आहे.

या प्रकरणाला खरे वळण मिळाले ते मात्र वचनाच्या अभ्यासातून सरळ मिळाले नाही. एका संध्याकाळी भाऊंनी माळ्यावरून एक कापडी पिशवी काढली आणि पत्नीसमोर चटईवर उपडी केली. कृषी केंद्राच्या पावत्या, बँकेची नोटीस, सावकाराच्या हिशेबाची चतकोर चिठ्ठी, आणि एका कोऱ्या पाकिटावर पेनाने लिहिलेले ‘१०,००० सभा’, असे सगळे बाहेर पडले. पत्नी कितीतरी वेळ एकेक कागद उचलून सरळ करत राहिली.

“एवढं सारं काऊन लपवलं? मी काय परकी होती का?” एवढेच ती म्हणाली.

भाऊ रडले. पाळक सांगतात की त्या दिवशी त्यांनी पापकबुलीची प्रार्थना म्हटली आणि मग पती-पत्नी व पाळक अशा तिघांनी बसून वहीत आकडे उतरवले. त्या रात्री भाऊंना कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली. कर्जाचा एक रुपयाही त्या दिवशी कमी झालेला नव्हता.

सावकाराचा प्रश्न नंतर व्यवहाराने सुटला. मंडळीतील एक वडीलधारे आणि गावचे सरपंच भाऊंसोबत त्याच्याकडे गेले. परवान्याशिवाय सावकारी करणे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे, ही गोष्ट आवाज न चढवता त्याच्या कानावर घालण्यात आली. आधी भरलेले व्याज मुद्दलात धरून उरलेले ७५,००० रुपये तीन हंगामांत फेडायचे ठरले. पेरणीच्या वेळी तुकडोजी महाराजांना मानणाऱ्या शेजारच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यकर्त्याने आपली बैलजोडी दिली, कारण भाऊंनी पोळ्याआधीच एक बैल विकला होता. देवाची मदत कोणाच्या हातून येईल हे मंडळीने ठरवू नये, असे पाळक या प्रसंगाबद्दल नेहमी सांगतात.

२०१८ चा हंगामही चांगला नव्हता. पावसाने ओढ दिली आणि ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. म्हणजे आपल्या प्रश्नाची कसोटी लागण्याजोगे वर्ष होते. याच वर्षी भाऊंच्या आयुष्यात तीन बदल दिसले, आणि त्यांतला एकही पिकावर अवलंबून नव्हता.

पहिला बदल रविवारचा. डवरणी-निंदणीच्या दिवसांतही त्यांनी रविवारी वावरात जाणे बंद केले. याला धार्मिक शिस्त म्हणता येईल, पण त्याचा पहिला लाभ पत्नीला झाला, कारण तिच्या आयुष्यात सुटीचा दिवस असा कधीच नव्हता. दुसरा बदल फरदडीचा. डिसेंबरनंतरही पऱ्हाटी (कापसाची झाडे) उभी ठेवून उरलासुरला कापूस, म्हणजे फरदड, वेचत राहण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि त्या उभ्या पऱ्हाटीतच बोंडअळीचा मुक्काम पुढच्या हंगामापर्यंत टिकतो. कृषी विभाग फरदड घेऊ नका असे दरवर्षी सांगतो. भाऊंनी त्या साली पऱ्हाटी वेळेवर उपटली. गावातले लोक दोन क्विंटल सोडून दिले म्हणून हळहळले. शेतीच्या दृष्टीने तो शहाणपणाचा निर्णय होता, पण भाऊंनी त्याचे कारण वेगळे सांगितले : “‘आता पुरे’ म्हणाले (म्हणायला) शिकून राहिलो.”

तिसरा बदल मला सर्वांत बोलका वाटतो. धाकट्या भावाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, त्यांचा वर्षानुवर्षांचा वाद होता. दोघे एकाच मंडळीत, एकाच प्रभुभोजनाला येत, पण एकमेकांकडे पाहत नसत. मोजणी आणून दोन तासांची (पेरणीच्या दोन ओळींची) जमीन आपली असल्याचे भाऊंकडे कागद होते. उन्हाळवाहीच्या वेळी ते स्वतः भावाच्या घरी गेले आणि त्या दोन तासांवरचा हक्क सोडला. कर्जात बुडालेल्या माणसाने जमीन सोडावी हे कोणाच्याही हिशेबात बसणारे नाही, आणि त्यांच्या मुलालाही ते पटले नाही. मी त्यांना याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, “मले वाटे मायं कायी उरलंच नाही, म्हणून सारं धरून ठेवत होतो. प्रभूनं मले सोडलं नाही हे समजलं, मंग दोन तास सोडाले जड नाही गेलं.” विपुल जीवनाची ओळख पटवणारी याहून चांगली खूण मला आजवरच्या सेवेत क्वचित दिसली आहे. जवळ काही नाही असे वाटणारा माणूस देऊ शकत नाही. देऊ शकतो तो भरलेला असतो, मग त्याच्या कोठीत काही असो वा नसो.

त्या डिसेंबरातल्या कापणीच्या सणात भाऊंनी कापसाचे एक लहान गाठोडे वेदीपुढे ठेवले आणि साक्ष दिली. पाळकांनी ती तेव्हाच लिहून ठेवली होती, म्हणून शब्द तसेच देता येतात : “मायं कर्ज फिटलं नाही. पीकही झालं नाही. पण मी आता घरी खोटं बोलत नाही, आन् मी एकटा नाही. येशू माया संग कोठ्यात बसून होता, हे मले आता समजलं.” काही जणांना ही साक्ष रुचली नाही. चमत्कार नसलेली साक्ष तरुणांपुढे कशाला द्यायची, असे एकांनी विचारले. पाळकांनी पुढच्या रविवारी हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट वाचला. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, आणि तरीही संदेष्टा परमेश्वराच्या ठायी आनंद करतो. हबक्कूकची साक्षही पीक येण्याच्या आधीची आहे, एवढेच ते म्हणाले.

प्रकरण येथे थांबले असते तर ते सोपे झाले असते. पण २०२१-२२ च्या हंगामात कापसाला तेजी आली. क्विंटलचा भाव दहा हजारांवर गेला. भाऊंनी सावकाराचा शेवटचा हप्ता फेडला, कृषी केंद्राची उधारी संपवली, आणि पहिल्यांदाच थोडे पैसे शिल्लक राहिले. घरात आनंद होता. पुढच्या हंगामात मात्र गावातल्या बहुतेकांप्रमाणे भाऊंनीही भाव आणखी वाढेल म्हणून कापूस विकला नाही. पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरली. घरातल्यांना अंगभर खाज सुटू लागली, झोपायला जागा उरली नाही, आणि भाऊ पहाटे उठून प्रार्थनेआधी मोबाइलवर बाजारभाव पाहू लागले. रविवारी मंदिरात बसूनही त्यांचे लक्ष यवतमाळ आणि वणीच्या भावाकडे असे. झोप पुन्हा गेली. नापिकीत मिळालेली शांती तेजीच्या आशेने घालवली, हे त्यांच्या पत्नीने त्यांच्या आधी ओळखले आणि पुन्हा पाळकांना निरोप दिला.

या वेळी पाळकांनी लूकच्या बाराव्या अध्यायातला धनवान शेतकरी वाचला, जो जुनी कोठारे मोडून मोठी बांधण्याचे बेत करतो आणि त्याच रात्री मरतो. त्यानंतर त्यांनी फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय घेतला. बंदिवासातून लिहिताना पौल म्हणतो की टंचाईत कसे राहावे आणि विपुलतेत कसे राहावे, या दोन्ही गोष्टी तो शिकला आहे. पहिला धडा भाऊंनी २०१८ मध्ये गिरवला होता, दुसरा अजून बाकी होता. मला हे या प्रकरणातले सर्वांत उपयोगी निरीक्षण वाटते, कारण आपण मंडळीत दुःखात टिकून राहण्याबद्दल भरपूर बोलतो, पण चार पैसे आल्यावर ख्रिस्तात समाधानी कसे राहायचे याबद्दल जवळजवळ काहीच शिकवत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडून दिली होती, हे आपण अभिमानाने सांगतो. पण पगार, भाव, शिल्लक यांच्यात राहूनच ज्यांना प्रभूमागे चालायचे आहे, त्यांच्यासाठीही शिकवण हवी.

भाऊंनी मे महिन्यात सात हजारांच्या आसपास भाव असताना कापूस विकून टाकला. आधी विकला असता तर जास्त मिळाले असते. त्या पैशातून त्यांनी ठरवून तीन कामे केली : पुढच्या हंगामाचे बियाणे रोखीने घेतले, बोंडअळीच्या वर्षी त्यांच्यासारखेच बुडालेल्या एका विधवा शेतकरी ताईंची कृषी केंद्रातली उधारी गुपचूप भरली, आणि मंडळीला दशांश दिला. या वेळी बदल्यात काही मागितले नाही. खोली रिकामी झाल्यावर घरातली गुरुवारची प्रार्थना तिथेच सुरू झाली आणि आता आजूबाजूची चार-पाच घरे तिला येतात.

थोरल्या मुलाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला आहे आणि कंपाउंडबाहेर ऐकलेले ते वाक्य त्याने विसरलेले नाही. गावी आला तरी तो मंदिरात येत नाही. भाऊंनी त्याच्यावर जोर केला नाही. ज्याने ते वाक्य म्हटले होते त्याने मागील वर्षी मंडळीच्या वतीने मुलाची क्षमा मागितली. मुलाने ती ऐकून घेतली, उत्तर दिले नाही. दिवाळीत तो आला तेव्हा भाऊंनी त्याच्यापुढे कर्जाची जुनी वही आणि नवी वही, अशा दोन्ही ठेवल्या आणि नवीतला हिशेब तपासून द्यायला सांगितले. तो रात्री उशिरापर्यंत बसून आकडे जुळवत होता, आणि ताईंच्या उधारीची नोंद दिसल्यावर हे काय म्हणून त्याने वडिलांना विचारले. भाऊंनी त्याला सगळे सांगितले. पाळक अधूनमधून बुटीबोरीला जातात तेव्हा त्याच्याकडे चहाला थांबतात.